उलट फिरलेला दाणा

“ओता,” मॅडम म्हणाल्या.

मी बाटली तिरकी केली. नाल्याचं थंड पाणी खडकावर पसरत गेलं, आणि मघापर्यंत राखेच्या ढिगासारखा करडा दिसणारा तो खडक क्षणात उजळला. अभ्रकाचे पापुद्रे चमकले. पापुद्र्यांच्या मधून मसुरीएवढे तांबूस दाणे वर आले, जणू कुणी आतून बोटानं ढकलले असावेत. गार्नेट.

डॉ. शकुंतला देवपुजारी, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक, वाकल्या आणि गुडघे टेकून बसल्या. निवृत्तीला थोडाच अवधी उरलेला, कॅनव्हासचे बूट अर्धे पाण्यात, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि डोळा खडकाला. माझ्या बाजूला यशोधराताई मेश्राम उभी होती. ती मॅडमची माझ्या आधीची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध आदल्याच वर्षी मंजूर झाला होता आणि आमच्याच विभागात ती तात्पुरती अध्यापिका म्हणून लागली होती. हातोडी ती या हातातून त्या हातात घेत होती.

“शेपट्या दिसतात का, मॅडम?” मी विचारलं.

“मोठ्यानं बोला, लांजेवार. खडक झोपलेला नाही.”

“शेपट्या. दाण्यांच्या.”

“दिसतात. आंधळी नाही झाले अजून.”

प्रत्येक दाण्याच्या दोन्ही अंगांना गारगोटीची एकेक पांढुरकी शेपटी होती, एक जरा वर चढलेली, दुसरी जरा खाली उतरलेली. जो कुणी असे खडक वाचायला शिकतो त्याला पहिली गोष्ट हीच शिकवतात. यशोधराताई दर वर्षी नव्या मुलांना ती कणकेच्या गोळ्यावर शिकवायची. दोन तळहातांत गोळा धरायचा आणि वरचा हात पुढे न्यायचा. गोळा हाताबरोबर लोळतो. जमिनीच्या पोटात, कित्येक मैल खाली, खडकाचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकत असतो तेव्हा त्यांच्या मधला दाणाही तसाच लोळतो, आणि लोळता लोळता वाढतो. वरचा हात कुठे गेला ते दाण्याला विचारायचं. हात कधीच नाहीसा झालेला असतो.

आमचा हातही नाहीसा झाला होता. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याच्या त्या मुलखात आता धानाची शेतं होती, मोहाची झाडं होती आणि सकाळच्या चहाआधी चढून उतरता येतील अशा टेकड्या होत्या. पण टेकड्यांच्या खडकांवर जे वळ उठले होते ते मोठ्या पर्वताच्या पोटातच उठू शकतात. अब्जावधी वर्षांपूर्वी इथे एक पर्वतरांग उभी राहिली होती आणि झिजून सपाट झाली होती. ती उभी राहताना वरचा थर कोणत्या दिशेनं सरकला, एवढाच प्रश्न होता. मॅडमनी उभं आयुष्य देऊन सांगितलं होतं: दक्षिणेकडे. त्यांच्या नकाशावर तो बाण छापलेला होता, आणि तो पाहून पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या झाल्या याची मोजदाद नाही.

या नाल्यातले दाणे उत्तर म्हणत होते.

मॅडम उठल्या. उठताना त्यांनी माझा हात घेतला नाही, स्वतःच्या हातोडीच्या दांड्यावर भार दिला.

“पाहिलं,” त्या म्हणाल्या. “उत्तर.”

यशोधराताईच्या हातातली हातोडी थांबली.

“पण लांजेवार, मी डोंगर पाहिला आहे. तुम्ही खसखस पाहताय. वरच्या टेकडीतल्या सगळ्या घड्या दक्षिणेकडे झुकल्या आहेत. मी मोजल्या, यशोधरानं मोजल्या. खडक इतका दुमडला, इतका दक्षिणेकडे कलला, तो उगाच?”

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या बाबतीत असं नेहमी व्हायचं: वाक्य आत पूर्ण तयार असायचं आणि ओठांपाशी येऊन परत फिरायचं. त्या दिवशी ते फिरलं नाही, इतकंच.

“टेकडीच्या पलीकडे, मॅडम, तशाच घड्या उत्तरेकडे झुकल्या आहेत. तिथे कुणी गेलेलं नाही. काटेरी झुडपं आहेत.”

“तुम्ही गेलात?”

मी शर्टाची बाही वर केली. ओरखडे अजून सुकले नव्हते. मॅडमनी ते पाहिले आणि चेहऱ्यावरची एक रेषही हलू दिली नाही.

माझं म्हणणं असं होतं. सगळी टेकडी हीच मुळात एक प्रचंड घडी आहे. गोधडी मधोमध उचलली की तिच्या दोन उतारांवर लहान लहान सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्या एकमेकींच्या विरुद्ध झुकतात. मॅडम आणि ताई एकाच उतारावर मोजत राहिल्या होत्या. त्यांचं एकही माप चुकलेलं नव्हतं. त्या फक्त गोधडीच्या एकाच अंगाला उभ्या होत्या.

हे सगळं मी तिथे सांगितलं, तुटक तुटक, खाली पाहून. मग आम्ही गेलोही पलीकडे. तिथल्या घड्या मॅडमनी स्वतः मोजल्या; त्या उत्तरेकडेच झुकल्या होत्या.

जेवायला करंजाच्या सावलीत बसलो. पोळ्या, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. ताईनं वडा माझ्या पुढ्यात सरकवला, पण माझ्याकडे न पाहता. मॅडमनी अर्धी पोळी खाल्ली, हात धुतले, आणि अगदी सहज, जणू मीठ मागत आहेत अशा स्वरात म्हणाल्या:

“दोन टप्पे लिहा.”

“म्हणजे, मॅडम?”

“आधी सगळं दक्षिणेकडे सरकलं. घड्या तेव्हाच्या. पुष्कळ काळानं पुन्हा एकदा हालचाल झाली, ती उत्तरेकडे. तुमचे दाणे तेव्हाचे. पलीकडच्या घड्याही तेव्हाच्याच. माझं राहतं, यशोधराचं राहतं, तुमचंही नवं म्हणून उभं राहतं. उद्यापासून लिहायला घ्या.”

ताईच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. तिला विनोद सुचला, हीच त्याची खूण.

“पंगतीसारखं आहे बाप्पा आपल्याकडे. कोणी उपाशी राहिलं की आणखी एक पंगत बसवायची.”

मॅडम हसल्या. मीही हसलो असतो, कारण ते खरं होतं. आमच्या विद्येतली ही जुनी, सभ्य रीत आहे. एखादा खडक कुणाच्या म्हणण्यात बसेना, की पर्वताच्या इतिहासात एक टप्पा वाढवायचा. पर्वत तक्रार करत नाही. पहिला टप्पा गुरूचा, दुसरा गुरुबंधूचा, तिसरा आपला. आणि सगळे एका नकाशावर गुण्यागोविंदानं नांदतात.

“मॅडम,” मी म्हणालो, “दुसरा टप्पा खडकात दिसत नाही.”

“दिसत नाही, की तुम्हाला पाहायचा नाही?”

“दिसला असता तर लिहिला असता.”

करंजाचं एक पान त्यांच्या डब्यात पडलं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि डबा बंद केला.

“शेवटच्या सेमिनारमध्ये मी तुम्हाला एकच प्रश्न विचारीन. किती टप्पे? उत्तर नीट विचार करून आणा. माझ्या सहीशिवाय प्रबंध बाहेर जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

*

नागपूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत होतो. यशोधराताई आत आली आणि दार लावून घेतलं.

“काऊन बे, काय करून राहिला तू?”

“नाल्यातल्या खडकाच्या काचा पाहतोय.”

“काचा गेल्या खड्ड्यात. मी तुझ्याबद्दल विचारून राहिली. मॅडमनी ताट वाढून दिलं होतं समोर. तू ताटच ढकललंस.”

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“हे बघ, हेच. कॅंटीनमध्ये चहात साखर नसली तर तू पोऱ्याला सांगत नाहीस, तसाच पितोस. आणि बोललास तर थेट देवपुजारी मॅडमला? एप्रिलात माझी कायम पदाची मुलाखत आहे, माहीत आहे ना? समिती विचारेल, तुमचा प्रबंध काय सांगतो मेश्राम मॅडम? मी काय सांगू? की शेजारच्या टेबलावरच्या पोरानं वर्षाच्या आत रद्द करून टाकला?”

“रद्द नाही, ताई.”

“तुझा एक टप्पा म्हणजे माझा शून्य. हिशोब साधा आहे.” ती खुर्ची ओढून बसली. मग तिच्या डोळ्यांत आशेसारखं काहीतरी चमकलं. “काचा कोणी बनवल्या?”

“मीच.”

“उलट्या चिकटवल्या असशील.”

ही शक्यता खरी होती, आणि ती आमच्या धंद्यातल्याच माणसाला सुचावी अशी होती. खडक फोडण्याआधी त्याच्यावर उत्तरेचा बाण काढावा लागतो. बाणाशिवाय फोडलेला खडक मुका होतो. मग त्याचा काप काचेवर चिकटवून, आरपार उजेड जाईपर्यंत घासायचा. पण काप चुकीच्या बाजूनं चिकटला की उजव्याचं डावं होतं, आणि उत्तरेकडे लोळलेला दाणा दक्षिणेकडे लोळलेला दिसतो. या एका चुकीवर लोकांनी शोधनिबंध लिहिलेले आहेत आणि मागेही घेतलेले आहेत.

“असेल,” मी म्हणालो. “तूच कापून पाहा.”

कपाटात न कापलेला एक तुकडा होता. ताईनं तो घेतला, त्यावरचा बाण होकायंत्राच्या नोंदीशी ताडून पाहिला, कोपऱ्यावर स्वतः खाच पाडली. दुपारभर ती यंत्रावर होती. घासण्याची पूड तिच्या ओढणीला लागली, केसांना लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, “हात नको लावू. मग म्हणशील ताईनं चूक केली.”

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा काच तयार झाली. तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

सूक्ष्मदर्शकाच्या त्या खास प्रकाशात गार्नेट पूर्ण काळं दिसतं. त्याच्यातून काहीच आरपार येत नाही. पण वाढताना त्यानं पोटात घेतलेले गारगोटीचे बारीक कण मात्र चमकत राहतात. काळ्या वर्तुळात चांदण्यांची एक ओळ, मधोमध सुरू होऊन वळत वळत काठापर्यंत जाणारी. मी ती शेकडो वेळा पाहिली असेल आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, की इतक्या अंधारात, इतक्या दाबाखाली, ज्याला कुणीच साक्षी नव्हतं असं काहीतरी या दाण्यानं इमानानं धरून ठेवलं आहे.

ताई फार वेळ पाहत राहिली.

“उत्तर,” ती शेवटी म्हणाली. आवाजात थकवा होता. “फिरला तर उत्तरेकडेच. ठीक आहे, काच बरोबर आहे. मग मॅडम म्हणतात तसे दोन टप्पे लिही ना.”

“ओळ पाहा ताई. आतून बाहेरपर्यंत. कुठे तुटते का?”

तिनं पुन्हा डोळा लावला.

“जर आधी सगळं दक्षिणेकडे गेलं असतं,” मी म्हणालो, “तर आतलं वळण दक्षिणेचं असतं. बाहेरचं उत्तरेचं. मध्ये कुठेतरी ओळ मोडून उलट फिरली असती. मोडत नाही.”

“या दाण्यात मोडत नाही.”

“मी जेवढे पाहिले त्या एकाही दाण्यात मोडत नाही.”

“आणि जे नाही पाहिले त्यांत?” ती सरळ माझ्याकडे वळली. “जो दाणा तू फोडलाच नाहीस, त्याच्या पोटात काय आहे हे तुला कोणी सांगितलं?”

“कुणीच नाही.”

“मग एवढ्या ठामपणे कसा बोलून राहिला?”

तिनं दार उघडलं, ओढणी झटकली आणि गेली. काच तिनं माझ्याच टेबलावर ठेवली होती. त्या काचेवर तिच्या स्वच्छ, लहान अक्षरांत ठिकाणाचं नाव आणि उत्तरेचा बाण होता.

पुढचे आठवडे विभागात कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. वाईट वागले असते तर सोपं झालं असतं. सगळे समजावत होते. विभागप्रमुख काळीकर सरांनी बोलावून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं की तरुणपणी तेही असेच होते. घरी आईनं विचारलं, “एक वाक्य जास्त लिहिलं तर काय होते रे?” मी कुणालाच काही सांगू शकत नव्हतो. मी स्वतःलाही सांगू शकत नव्हतो. माझा सगळा जन्म ‘हेही बरोबर, तेही बरोबर’ म्हणत गेला होता. भांडणात मी दोन्ही बाजूंना मान डोलवणारा; मित्रांच्या वादात दोघांनाही माझा पाठिंबा वाटायचा. दोन टप्पे ही खरं तर माझी मातृभाषा होती. आणि तरीही लिहायला बसलो की ते वाक्य हातातून उतरत नव्हतं. का, ते कळत नव्हतं. नुसताच एक नकार होता.

*

सेमिनार मार्चच्या एका दुपारी झाला. पंखे सुरू झाले होते. पहिल्या रांगेत काळीकर सर, त्यांच्या शेजारी मॅडम, हात मांडीवर जुळवून. यशोधराताई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

मी बोललो. किती वाईट बोललो ते आठवत नाही, पण मध्येच फळ्याकडे तोंड करून बोलत होतो आणि काळीकर सरांना “इकडे पाहा, आम्ही इकडे आहोत” असं सांगावं लागलं, हे आठवतं. लोक हसले. संपवलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

प्रश्नांसाठी पहिला हात ताईचा वर गेला.

मला वाटलं होतं ती गप्प बसेल. ती उभी राहिली.

“लांजेवार,” ती म्हणाली. एरवी ती मला निलय म्हणायची. “ज्या खडकातून तुम्ही हे दाणे घेतले, तो जागचा होता कशावरून? वरून घरंगळत आलेला धोंडा असेल, तर तुमच्या उत्तरेला काही अर्थ उरत नाही.”

चांगला प्रश्न होता. निर्दय आणि चांगला.

“पापुद्र्यांचा कल नाल्याच्या दोन्ही काठांवर तोच आहे,” मी म्हणालो. “वर टेकडीतही तोच येतो. घरंगळलेल्या धोंड्याचा इतका जुळला नसता.”

“बरं. आणि टेकडीतल्या घड्या? माझा प्रबंध ज्यांवर उभा आहे त्या?” खोलीत चुळबुळ झाली. ती थांबली नाही. “सरळ सांगा. माझं काम चुकलं का?”

मी पहिल्यांदा समोर पाहिलं. तिच्या हनुवटीत एक ताण होता. ती हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचं ठरवून आली होती, कुणी पाठीमागे कुजबुजण्याआधी.

“तुमचं प्रत्येक माप मी पुन्हा घेतलं,” मी म्हणालो. “ज्या घडीवर तुम्ही होकायंत्र टेकवलं त्याच घडीवर. एकही चूक सापडली नाही. त्या मापांशिवाय मोठी घडी मला दिसलीच नसती. घडीचं तुमच्या बाजूचं अंग नसतं तर मी माझ्या बाजूचं कशाशी जुळवलं असतं?”

“म्हणजे मापं राहतात.”

“मापं राहतात. बाण फिरतो.”

ती बसली. काहीतरी लिहून घेतलं.

मग मॅडम बोलल्या. बसूनच, आवाज न चढवता.

“किती टप्पे, लांजेवार?”

“एक.”

“मी पुन्हा विचारते. घाई नाही. किती?”

“एकच, मॅडम.”

काळीकर सरांनी खुर्चीत अंग हलवलं. ते भले गृहस्थ होते. त्यांना कुणाचंच वाईट व्हायला नको होतं. “अहो, एक काय, दोन काय,” ते हसत म्हणाले. “इतक्या जुन्या गोष्टीत कोण छातीठोक सांगणार? दोन लिहा, म्हणजे सगळ्यांचाच मान राहील. दोन लिहून कुणी चुकत नाही.”

आणि त्या वाक्यासरशी मला माझ्या नकाराचं कारण कळलं. आठवडेच्या आठवडे जे मला स्वतःला सांगता येत नव्हतं, ते काळीकर सरांनी सांगितलं होतं.

“म्हणूनच, सर,” मी म्हणालो. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि मलाच परका वाटला. “दोन लिहून कुणी चुकत नाही. उत्तरेचा दाणा सापडला तर तो दुसऱ्या टप्प्याचा, दक्षिणेचा सापडला तर पहिल्याचा. काहीही सापडलं तरी दोन बरोबरच. उद्या कुणी सगळी टेकडी फोडून बारीक पाहिली, तरी मला खोटं ठरवू शकणार नाही. अशा वाक्यात खडकाला बोलायला जागाच राहत नाही, सर. मी एक म्हणतो. आतलं वळण एका बाजूचं आणि बाहेरचं दुसऱ्या बाजूचं, असा एकच दाणा कुणी आणून दाखवला, तर माझा प्रबंध त्या दिवशी संपला. यशोधराताई म्हणाल्या होत्या, जे दाणे फोडले नाहीत त्यांच्या पोटात काय आहे ते तुला माहीत नाही. खरं आहे. मला माहीत नाही. म्हणूनच मी एक म्हणतो. ज्याला मला पाडायचं आहे त्याला कुठे घाव घालायचा ते कळलं पाहिजे.”

मी खडूच्या भुकटीनं भरलेले हात पँटला पुसले आणि ते कुठे ठेवावेत ते मला सुचेना.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नाल्यातल्या खडकाकडे पाहताना जशी नजर होती तशीच, जवळची आणि कोरडी.

“काळीकर सर,” त्या म्हणाल्या, “विद्यार्थ्याचं काम पूर्ण झालेलं आहे. मी सही करते आहे.”

“वा, वा! म्हणजे आपण सहमत—”

“अजिबात नाही. निष्कर्ष चुकीचा आहे आणि मी तो खोडून काढणार आहे. पण सही न करता खोडू कशी? आधी तो छापला तर पाहिजे.” त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली. माझ्याजवळून जाताना थांबल्या. “एक दाणा ना?”

“एक पुरे, मॅडम.”

“आणते,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा सर्वांत मोठा आदर होता. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर पाहत राहिलो, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून.

*

यशोधराताईला एप्रिलमधलं पद मिळालं नाही. समितीनं माझ्या सेमिनारबद्दल विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं की प्रबंधातला बाण आता तिला पटत नाही. पुढे वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. माझी हरकत नव्हती, तो तिचा हक्क होता. त्यानंतर अमरावतीच्या एका कॉलेजात ती लागली. तिथून तिनं जुनी मापं घेऊन मोठ्या घडीवर एक लेख लिहिला, माझ्या प्रबंधातल्याहून कितीतरी नेटका. त्यात माझ्या एका नकाशातली चूक तिनं दाखवून दिली आहे. चूक खरी आहे.

मॅडम निवृत्त झाल्या. दर हिवाळ्यात, संक्रांत झाली की, भाड्याची जीप करून त्या त्या टेकड्यांत जातात, बाण काढून खडक फोडतात आणि पोत्यात भरून आणतात. नऊ हिवाळे झाले. मी आता देहरादूनला असतो, खऱ्या, अजून उभ्या असलेल्या पर्वतांच्या पायथ्याशी. जानेवारीच्या अखेरीला फोन येतो. नमस्कार, प्रकृती, असलं काही नसतं.

“लांजेवार, यंदाही नाही.”

“बरं, मॅडम.”

“बरं काय? निश्चिंत होऊ नका. पूर्वेची बाजू अजून राहिली आहे.”

“होत नाही निश्चिंत.”

खरंच होत नाही. आजही मी नवी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. काळ्या वर्तुळातली ओळ काठाकाठानं वळत जाते, आणि मी दर वेळी ती मोडण्याची वाट पाहतो.

गेल्या खेपेला त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, “डोळ्याचं ऑपरेशन झालं. बारीक आता नीट दिसत नाही. सोबत पाहणारं कुणी हवं.”

“मी येतो.”

“तुम्ही? तुम्ही तर प्रतिपक्ष.”

“म्हणूनच, मॅडम. माझ्याइतकं त्या दाण्याला कोण शोधणार?”



“आणि सापडला तर?”

“तर तुमचं खरं. सगळंच्या सगळं.”

“नाही सापडला तर?”

“तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा.”

“विचार करून बोला, लांजेवार. मी लवकर थकणारी बाई नाही.”

“मीही नाही, मॅडम,” मी म्हणालो, आणि तिकीट काढायला बसलो.